नादारी त्याची, हप्ते जामीनदाराचे

‘नादारी घेतली की कर्ज संपलं’ असं छातीठोकपणे सांगणारे देवळाली कॅम्पात कमी नाहीत, आणि ‘नादारीत अंगावरचे कपडेसुद्धा जातात’ असं घाबरवणारेही आहेत. जामीनदाराचं काय होतं, याबद्दल मात्र दोघेही चकार शब्द काढत नाहीत. मी जामीनदारांच्या रांगेतला. लेखणीला थोडी धार चढली असेल तर ती त्यामुळे. पण राग बाजूला ठेवून कायदा वाचला तरी निघतं ते हेच, की नादारीमुळे कर्ज नाहीसं होत नाही. कर्जदाराच्या अंगावरून उतरतं आणि ज्याने सही केली त्याच्या अंगावर राहतं.

सामान्य माणसाचा नादारीचा अर्ज आजही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात जातो. २०१६ ची नवी नादारी व दिवाळखोरी संहिता व्यक्तींपैकी फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना, तीही १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाली. जुन्या कायद्याचं वय आकड्यांतच दिसतं: ५०० रुपयांचं देणं असलं तरी अर्ज करता येतो. नादार ठरला की त्याची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते, मुक्ततेआधी नवीन काही मिळालं तर तेही. यातून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने वगळलेलं सगळं वाचतं: नेसूचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराप्रमाणे बाईने अंगावेगळे करू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि बैल, भविष्य निर्वाह निधी. पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचंही तसंच. ती रक्कम बँकेत मुदत ठेवीत टाकली तरी संरक्षण जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. नोकरीतल्या जवानाचा पगार तर १९५० च्या लष्कर कायद्यामुळे दिवाणी न्यायालयाला जप्तच करता येत नाही. तोफखान्याच्या या गावात ही बाब किती घरांना लागू पडते ते सांगायला नको. यातल्या एकाही गोष्टीबद्दल माझी तक्रार नाही. शिंप्याचं मशीन ओढून नेऊन कोणाचं भलं झालं आहे? पण पेन्शनर कर्जदार आणि दुकानदार जामीनदार अशी जोडी असेल, तर एकाची मिळकत कायद्याच्या आड सुरक्षित आणि दुसऱ्याच्या फळीवरचा माल जप्तीला मोकळा, हे कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग जामीनदाराकडे या.’ न्याय्य वाटतं, पण कायदा तसा नाही. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे वेगळं ठरलं नसेल तर दोघांची जबाबदारी सारखी, आणि बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागलंच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच सांगितलं. दुसरा आक्षेप, ‘कर्जदार मुक्त झाला की जामीनही सुटला.’ सावकाराने आपणहून सोडलं तर सुटतो; कायद्याने सोडलं तर नाही. नादारी कायद्याचं कलम ४४ तसं स्पष्ट लिहितं. सही घेताना मात्र ‘फक्त फॉर्मॅलिटी आहे हो साहेब’ म्हणणाऱ्यांना हे कलम आठवत नाही. वसुलीच्या नोटिशीत सगळी कलमं बरोबर आठवतात. तिसरा आक्षेप तारणाचा: ‘घर आहे की गहाण.’ गहाण ठेवलेल्या वस्तूवरचा बँकेचा हक्क नादारीने अडत नाही, हे खरं. पण कॅम्पातले काही जुने बंगले ओल्ड ग्रँटवर आहेत. जमीन सरकारची, धारकाचं फक्त बांधकाम. लॅम रोडचा भाव ऐकून तारण भक्कम समजणाऱ्याने आधी तो बंगला डिफेन्स इस्टेट्सच्या नोंदवहीत कसा लागलाय ते पाहावं. भिंती आणि कौलं विकून किती येणार!

सही करण्याआधी कागद वाचावा, हे सगळेच सांगतात. मी म्हणेन, जामिनाची रक्कम आकड्यात बांधून घ्या आणि सोबतचा दुसरा जामीनदार कोण ते विचारा, कारण दोघे असाल तर एरवी बोजा निम्मा वाटून घेता येतो. सही होऊनच गेली असेल आणि कर्जदार न्यायालयात गेला असेल, तर घरी बसून शिव्या देऊ नका. तुम्ही भरलेले आणि पुढे भरावे लागू शकणारे पैसे हे तुमचं येणं आहे. ते रिसीव्हरपुढे शाबीत करा, कारण मुक्तता झाल्यावर तो दावा गेलाच म्हणून समजा. कर्जदाराने नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत घर फुकटात बायकोच्या किंवा मेहुण्याच्या नावावर केलं असेल, तर कलम ५३ खाली तो व्यवहार रद्द होऊ शकतो. दुय्यम निबंधकाकडून इंडेक्स टूची नक्कल काढून ती रिसीव्हरच्या हातात द्या. आणि मुक्ततेच्या सुनावणीला वकील धाडा. नादाराची मत्ता बिनतारणी देण्याच्या रुपयाला आठ आणेही भरत नसेल, आणि त्यात आपला दोष नव्हता हे त्याला दाखवता आलं नाही, तर विनाअट मुक्तता नाकारली पाहिजे, असं कलम ४२ सांगतं. हरकत घ्यायला त्या तारखेला कोणी उभंच राहिलं नाही, तर न्यायाधीशांपुढे फक्त कर्जदाराचीच बाजू येते.