कोयनेची भिंत

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कोयना नदी सह्याद्रीच्या कुशीतून बराच काळ दक्षिणेकडे वाहत जाते आणि हेळवाकजवळ एकाएकी पूर्वेकडे वळून कऱ्हाड येथे कृष्णेला मिळते. या वळणाजवळ डोंगर दोन्ही अंगांनी नदीच्या पात्राशी येऊन भिडले आहेत. भिंत घालून पाणी अडविण्यास अशी जागा फार सोयीची. सातारा जिल्ह्यातील याच जागी कोयनेचे धरण बांधले गेले. नदी वाहते पूर्वेला. परंतु अडविलेले पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे, कोकणच्या बाजूस सोडले जाते, आणि सह्याद्रीच्या पोटात खोदलेल्या वीजगृहातील चक्रे ते फिरविते. मागे पसरलेल्या जलाशयाला 'शिवसागर' असे नाव आहे.

धरणाची भिंत १०३ मीटर उंच आणि ८०० मीटरांहून अधिक लांब आहे. तळाशी तिची जाडी सुमारे ७० मीटर, तर माथ्याशी सुमारे १५ मीटर आहे. मोठमोठे दगड बसवून त्यांच्याभोवती काँक्रीट ओतून ती घडविलेली आहे. अशा भिंतीस 'गुरुत्व धरण' म्हणतात. पाण्याचा प्रचंड रेटा ती केवळ आपल्या वजनाच्या बळावर थोपवून धरते. ती अखंड एकच भिंत नव्हे; शेजारी शेजारी उभ्या केलेल्या अनेक खंडांची ती ओळ आहे. मध्यभागी सांडवा असून त्याच्या दोन्ही बाजूंस उंच खंड आहेत. या उंच खंडांचा आकार ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्यांची मागची, म्हणजे कोरडी बाजू तळापासून उतरती चढत जाते. सुमारे ६६ मीटर उंचीवर हा उतार एकदम बदलतो आणि तेथून वर भिंत जवळजवळ सरळ उभी राहते. माणसाची मान खांद्यांवर बसावी, तशी ती रचना दिसे.

१९६२ च्या सुमारास जलाशयात पाणी साठू लागले. त्यानंतर थोड्याच काळात आसपासच्या गावांतील लोकांना अधूनमधून जमिनीचे लहान लहान धक्के जाणवू लागले. भांडी खणखणत, दारेखिडक्या थरथरत. दक्षिणेचे पठार म्हणजे पुरातन, कठीण, अचल असा खडक अशी तोवर सर्वांची समजूत होती. खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी मात्र हे धक्के क्षुल्लक मानले नाहीत. परिसरात भूकंपमापक यंत्रे बसविण्यात आली. धरणाच्या एका खंडातील आतल्या दालनात आणखी एक यंत्र ठेवण्यात आले. ते एरवी स्वस्थ असे. मोठा धक्का बसताच जागे होऊन जमीन किती वेगाने आणि कोणत्या दिशेने हिसकली, याची रेघ उमटविणारे होते.

दि. ११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे झाली होती. थंडीत सारे गाढ झोपेत असताना जमीन हादरली. कोयनानगरमधील बहुतेक घरे कोसळली. दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या. पावणेदोनशेच्या वर माणसे मृत्युमुखी पडली आणि दोन हजारांहून अधिक जखमी झाली. मुंबईकडे जाणारी वीज खंडित झाली. या भूकंपाची तीव्रता ६.३ होती.

उजाडताच इंजिनिअरांची पावले धरणाकडे वळली. खाली कोयनेच्या व कृष्णेच्या काठी कऱ्हाड, सांगली आणि कितीतरी गावे वसलेली होती. सहाच वर्षांपूर्वी, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात हाहाकार उडाला होता. ती आठवण कोणाच्याही मनातून गेली नव्हती. कोयनेचा जलाशय तर पानशेतहून कितीतरी मोठा.

भिंत उभी होती. सांडव्याच्या भागाला धक्का लागला नव्हता. परंतु दोन्ही बाजूंच्या उंच खंडांवर आडवे तडे गेले होते. काही तडे पाण्याच्या बाजूला, काही कोरड्या बाजूला, तर काही खंडांत दोन्हीकडे. काही ठिकाणी तड्यांतून पाणी पाझरत होते. पाहणी करणाऱ्यांना एक गोष्ट विशेष जाणवली. हे तडे वाटेल तेथे गेलेले नव्हते. बहुतेक सगळे, जेथे भिंतीचा उतार एकदम बदलतो त्या मानेच्या आसपासच होते.

दालनातील यंत्रानेही आपले काम चोख केले होते. त्याच्या रेघांवरून दिसून आले की, धरणाच्या लांबीच्या दिशेने बसलेला सर्वांत जोराचा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट होता आणि भिंतीला आडव्या दिशेने तो जवळजवळ निम्म्या पटीचा होता. भिंतीची आखणी करताना भूकंपाचा विचार मुळीच केला नव्हता असे नाही. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे भिंतीच्या वजनाच्या विसाव्या भागाइतका, म्हणजे ०.०५ पट, स्थिर रेटा धरून हिशेब मांडला होता. येथे एक भेद समजून घेणे अगत्याचे आहे. स्थिर रेटा एकाच दिशेने ढकलत राहतो. भूकंपाचा हिसका क्षणात पुढे, क्षणात मागे असा असतो. म्हणून दोन आकड्यांची नुसती तुलना करून भागत नाही. तरीही हिशेबाची ती जुनी रीत अपुरी होती, एवढे या रेघांनी निःसंशय दाखवून दिले.

तडे मानेशीच का गेले? खडूचा एक तुकडा घेऊन तो दोन्ही टोकांकडून दाबून पाहावा. तो सहसा मोडत नाही. तोच वाकवावा, लगेच कट्‌कन तुटतो. वाकविताना खडूची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते. खडू दाब सोसतो, ताण सोसत नाही. काँक्रीटचा स्वभावही असाच आहे. एरवी गुरुत्व धरण स्वतःच्या वजनाने दाबाखाली असते. भूकंपात मात्र भिंत पुढेमागे डोलू लागते, आणि प्रत्येक झोक्याबरोबर कधी तिची पुढची बाजू ताणली जाते तर कधी मागची. त्यातच माथा जड असेल, तर तो आपल्याबरोबर भिंतीला अधिकच ओढतो. उसाच्या कांड्यावर कोयत्याने खाच पाडून तो वाकवला, तर तो खाचेपाशीच मोडतो. कोयनेच्या भिंतीत उतार जेथे अचानक बदलत होता, ती जागा अशा खाचेसारखी ठरली.

हा तर्क आकड्यांनी सिद्ध होणे आवश्यक होते. अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रा. अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी पी. चक्रवर्ती यांनी दालनातील यंत्राच्या त्या रेघा संगणकास पुरविल्या आणि भिंतीच्या प्रत्येक भागात क्षणोक्षणी किती ताण निर्माण झाला असेल, ते काढले. १९७३ साली त्यांनी आपले संशोधन प्रसिद्ध केले. सर्वाधिक ताण त्याच मानेपाशी येत होता, आणि तो काँक्रीटच्या शक्तीपलीकडचा होता.

पुढे बर्कली येथेच कोयनेच्या एका खंडाची दीडशे पट लहान प्रतिकृती करून हादरे देणाऱ्या मंचावर ती हलवून पाहण्यात आली. हे काम वाटते तितके सोपे नाही. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात. त्याची वीतभर तटबंदी सहज उभी राहते. पण त्याच मातीची तटबंदी शंभर पट उंच केली, तर ती आपल्याच भाराने ढासळेल. लहान वस्तू आकाराच्या मानाने फार बळकट असते. म्हणून खऱ्या काँक्रीटची एवढीशी प्रतिकृती केली, तर ती कितीही हलविली तरी तडकणार नाही. संशोधकांना असे मिश्रण शोधावे लागले की, जे काँक्रीटइतके जड परंतु त्याहून कितीतरी दुबळे असेल. एक मीटरही उंची नसलेल्या त्या भिंतीवर कोयनेची ती पहाट पुन्हा उभी करण्यात आली.

इकडे धरणावर दुरुस्तीचे काम थांबले नव्हते. धरण सोडून द्यावे आणि नवे बांधावे, हा मार्ग परवडणारा नव्हता आणि शहाणपणाचाही नव्हता. एवढे दगड, एवढे श्रम आणि पाण्याखाली गेलेली एवढी गावे यांची किंमत समाजाने एकदा मोजली होती. प्रथम तड्यांत चिकट रासायनिक द्रव्य दाबाने भरून ते सांधण्यात आले. मग माथ्यावरून खोल छिद्रे पाडून त्यांत पोलादी दोर ओवले व ते ताणून घट्ट बसविले, म्हणजे तडकलेला वरचा भाग खालच्या भागाशी आवळला जाईल. त्यानंतर उंच खंडांच्या कोरड्या बाजूस काँक्रीटचे भक्कम टेकू उभारण्यात आले. हे काम १९७३ च्या सुमारास पूर्ण झाले आणि मानेचा तो धोक्याचा कोपरा टेकूंच्या आधारात आला. पुढे बऱ्याच वर्षांनी सांडव्याचा भागही मजबूत करण्यात आला.

देशाचा भूकंपाचा नकाशाही बदलला. जो प्रदेश जवळजवळ निर्धोक मानला जात होता, तो १९७० च्या सुधारलेल्या नकाशात चौथ्या विभागात, म्हणजे तीव्र धोक्याच्या प्रदेशात गेला. जगभर धरणांचे गणित करणाऱ्यांनी नवी रीत शोधली की ती पारखण्यासाठी कोयनेची भिंत आणि ११ डिसेंबरच्या त्या रेघा घ्यावयाच्या, असा जणू परिपाठच पडला.

भिंतीचे कोडे असे बरेचसे सुटले. जमिनीचे कोडे त्याहून बिकट होते. जलाशयाचे पाणी आणि भूकंप यांचा संबंध काय? पाण्याच्या भाराने खालचा खडक दबतो, आणि पाणी भेगांतून खोल झिरपून तेथील दाब वाढविते. आधीच ताणाखाली असलेला खडक मग एखाद्या भेगेवर सरकतो. पाणी भूकंपाची शक्ती निर्माण करीत नाही; साठलेल्या शक्तीला ते वाट करून देते. पावसाळ्यात जलाशय भरल्यावर येथील धक्के वाढतात, असे दीर्घ निरीक्षणात आढळले. दक्षिणेकडील वारणा नदीवरचा जलाशय १९८५ पासून भरू लागल्यावर त्या बाजूसही धक्के बसू लागले.

जमिनीवरून एवढेच कळते. अधिक जाणावयाचे तर भूकंप जेथे जन्मतात तेथवर उतरावयास हवे. कऱ्हाड येथे याकरिता एक संशोधनशाळा स्थापन झाली. प्रथम सुमारे दीड किलोमीटर खोल छिद्रे पाडून त्यांतील काहींत भूकंपमापक यंत्रे सोडण्यात आली, कारण वर माणसांची, वाहनांची आणि वाऱ्याची थरथर सतत चालू असते. खोल खडकात ती पोचत नाही. नंतर २०१६-१७ मध्ये कोयनेच्या दक्षिणेस गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. सह्याद्रीचा परिचित काळा पाषाण सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत लागला. त्याच्याखाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट खडक होता, आणि कोयनेचे भूकंप जन्मतात ते त्याच खडकात.