खड्यात झाड कसे आले?

आपल्या खानदेशात विहीर खणताना काळा कातळ लागतो. सुरुंग उडाला की कातळ फुटतो. कधी कधी त्याच्या पोटात पांढरी, चकचकीत गार दिसते. तीच गारगोटी. तिचे गोटे नांगरटीत वर येतात. पोरे ते एकमेकांवर घासून ठिणग्या पाडतात.

गारगोटीच्या एका जातीला अकीक म्हणतात. तो अंगठीत बसवतात. काही अकीक मोठे नवलाचे असतात. उन्हासमोर धरून पाहा. आत हिरवे शेवाळ दिसते. नाही तर काळे झाड दिसते. त्याला बारीक बारीक फांद्या! उत्तर प्रदेशात बांदा येथे अशा दगडाला शजर म्हणतात. शजर म्हणजे झाड.

पण आत झाड नाही, शेवाळही नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे जमिनीच्या भेगांतून तापलेला रस वर आला. थंड होऊन त्याचा काळा कातळ झाला. रसात वायूचे बुडबुडे होते. त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत पाणी झिरपले. पाण्यात विरघळलेली गार तेथे थरावर थर बसली. लोखंड आणि मँगनीज यांचे अंशही आले. त्यांनीच ही चित्रे काढली. म्हणून एकासारखा दुसरा खडा मिळत नाही.

जत्रेत विकणारा म्हणतो, "दादा, हा घ्या. आत एक डाग नाही!" दादांना ते पटते. धान्य निवडताना आपण डागी दाणा टाकतोच ना? खड्याचे तसे नाही. बिनडाग खडा खराही असतो, पण काचही तशीच निर्मळ असते. भिंगातून पाहा. गोल बुडबुडे दिसले तर काच समजा. खडा कडेने पाहा. मधे सांध्याची रेघ असेल, तर दोन तुकडे चिकटवलेले आहेत. रंग भेगांतच गडद साचला असेल, तर तो बहुधा वरून दिलेला आहे. आता नख फिरवा. नख अडकले तर ती चीर आहे. असा खडा अंगठीत तडकायचा. आतले चित्र स्पष्ट हवे, वरचा पृष्ठभाग मात्र अखंड हवा.

खडा घातल्याने साडेसाती टळते, असे सांगून कोणी जादा पैसे मागेल. ते देऊ नका. पैसे दगडाचे द्यावे, भीतीचे देऊ नयेत.

जळगावकडच्या खाणींत पांढऱ्या सुयांचे झुबकेही सापडतात. ते मेसोलाइट. दिसायला सुरेख, पण फार नाजूक. अंगठीत ते टिकत नाही. शौकीन लोक ते कपाटात ठेवतात. नाशिकजवळ सिन्नरला 'गारगोटी' नावाचे संग्रहालय आहे. तेथे असे पुष्कळ नमुने पाहायला मिळतात.

शेतात गार सापडली तर घरी कोरडी घासू नका. तिची पूड श्वासाबरोबर छातीत जाते आणि फुप्फुसे निकामी करते. गुजरातेत खंबायतला अकीक घासणारे कितीतरी कारागीर याच रोगाने गेले. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. गार घासायचीच असेल तर पाण्याखाली घासावी. लहान मुलांना जवळ बसू देऊ नये.