ठेकेदाराची पॉलिसी आणि मालकाचा फोन

परीक्षा पास झालास, एजन्सी कोड हातात आला, आता धंद्याचं बोलू. विमा विकायचा कसा हे कंपनी शिकवेल, त्यात आत्या पडत नाही. पण चालू पॉलिसी मध्येच रद्द होते तेव्हा तोंड कसं सांभाळायचं, हे कुठल्या ट्रेनिंगात नीट सांगत नाहीत. आणि आपल्या सांगली-तासगाव पट्ट्यात एजंटाचं नाव त्यावरच टिकतं किंवा जातं.

समज, तासगावात एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याचं कोल्ड स्टोरेज उभं राहतंय. ठेकेदार तुझा ग्राहक. त्यानं तुझ्याकडून दोन पॉलिस्या घेतल्यात: मजुरांच्या नुकसानभरपाईची एक आणि चालू बांधकामाची, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क, दुसरी. काम अर्ध्यावर असताना तो पत्र आणून देतो, मजुरांची पॉलिसी रद्द करा. चार दिवसांनी कोल्ड स्टोरेजच्या मालकाचा फोन येतो, ‘काय रे, आमच्या ठेकेदाराचा विमा चालू आहे ना?’

‘हो’ म्हणालास तर खोटं बोललास. उद्या परांचीवरून एखादा बिगारी पडला की मालकाचा वकील तुझा तो ‘हो’ शोधत येईल. ‘नाही, रद्द केला’ म्हणालास तर ज्यानं तुला प्रीमियम दिला त्याची गोष्ट तू तिसऱ्याला विकलीस. ‘बघून सांगतो’ म्हणून फोन टाळलास तर तेही उत्तरच झालं, कारण मालक मूर्ख नाही.

म्हणून नियम पॉलिसी रद्द होते त्या दिवशी सुरू करायचा नसतो, पहिल्या दिवसापासून पाळायचा असतो. पॉलिसी ठणठणीत चालू असतानाही कुणी विचारलं तर एकच वाक्य: ‘मालक, मी कुणाच्याच पॉलिसीबद्दल दुसऱ्याशी बोलत नाही. त्यांच्याकडून लेखी आणा, लगेच सांगतो.’ चालू असताना मिशीला पीळ देत ‘हो हो, एकदम ओके’ म्हणणारा एजंट रद्द झाल्यावर गप्प बसला, तर त्याचं गप्प बसणंच बोलतं. नेहमीच तेच वाक्य म्हणणाऱ्याकडून कुणाला काही कळत नाही. सुरुवातीला लोक तुला खडूस म्हणतील. म्हणू देत.

मालकाला वाऱ्यावर सोड असं मात्र मी म्हणत नाही. त्याचं पोट दुखतंय ते उगाच नाही. १९२३च्या भरपाईच्या कायद्यात बारावं कलम होतं: ठेकेदाराच्या मजुराला अपघात झाला तर धंद्याचं काम करून घेणाऱ्या मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते, आणि मालकानं ती मग ठेकेदाराकडून वसूल करायची. तो कायदा आता २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, पण तत्त्व तेच आहे. म्हणजे विमा असो-नसो, मजुराचा हक्क बुडत नाही. खिसा कुणाचा रिकामा होणार एवढाच प्रश्न उरतो. हे सगळं तू मालकाला मोकळेपणानं सांग. हा कायदा आहे, कुणाचं गुपित नाही. त्याला सांग, ठेकेदाराकडून पॉलिसीची प्रत आणि प्रीमियमची पावती मागा, पुढचं बिल देण्याआधी मागा, आणि ती खरी आहे का ते ठेकेदाराच्या संमतीपत्रासह कंपनीच्या शाखेत जाऊन विचारा. पुढच्या ठेक्यात अट घाला की पॉलिसी दोघांच्या नावानं निघेल आणि रद्द करायची तर आधी लेखी कळवावं लागेल. त्याला वाट दाखवलीस आणि ठेकेदाराचं एक अक्षर सांगितलं नाहीस.

दोघांच्या नावानं पॉलिसी निघाली की मग गणित बदलतं. ऑल रिस्क पॉलिसीत बऱ्याचदा मालक आणि ठेकेदार दोघंही विमेदार असतात. तिथे मालक हा तिसरा नाहीच, त्याला विचारायचा पूर्ण हक्क आहे. पॉलिसीवर बँकेचं नाव चढवलं असेल तर बँकेचंही तसंच. म्हणून फोन उचलण्याआधी शेड्यूलवर नावं कुणाची आहेत ते बघ. आठवणीवर विसंबू नकोस. आणि एकाच ठेकेदाराच्या दोन पॉलिस्यांत नावं वेगवेगळी असू शकतात, म्हणून ज्याला ऑल रिस्कबद्दल सांगायचं त्याला मजुरांच्या पॉलिसीबद्दल बोलून बसशील, तेवढं जप. सरकारी कामाचं आणखी वेगळं: तिथे निविदेतच लिहिलेलं असतं की विमा महाराष्ट्र शासनाच्या विमा संचालनालयाकडूनच घ्यायचा. ती चौकशी तुझ्याकडे आली तर वांद्र्याचा पत्ता दे आणि मोकळा हो.

आता ठेकेदाराकडे येऊ. रद्द करायला आला की आधी कारण उकरत बसू नकोस, पण एक गोष्ट न चुकता विचार: ‘तुमच्या करारात विम्याची अट आहे का?’ असली तर सांग, ‘मालकाला कळवणं तुमचं काम आहे, ते माझ्याकडून होणार नाही आणि मी खोटंही बोलणार नाही.’ हे तोंडी सांग आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या एकट्याच्या नंबरवर लिहूनही पाठव. तुझ्या फायद्यासाठी. बहुतेक वेळा एवढ्यानंच माणूस थांबतो, दोन दिवस विचार करतो, नाहीतर दुसरीकडे नवी पॉलिसी काढून मग जुनी रद्द करतो.

रद्दची विनंती लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी घे. भागीदारीची फर्म असेल तर पॉलिसी फर्मची असते, एका भावाची नसते. सहीचा अधिकार कुणाला ते फाईलमध्ये असतं. भाऊ-भाऊ भांडतात तेव्हा पहिली कागदपत्रं आपल्याकडे येतात, आणि तिथे मध्ये पडलास तर दोन्ही ग्राहक जातील. परताव्याचा पैसा तुझ्या खात्यात कधी घ्यायचा नाही. ‘तुझ्याकडेच येऊ दे, मी नंतर नेतो,’ असं लाडात म्हणणारे भेटतात. १९३८च्या विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमात सरळ लिहिलंय, परतावा विमा कंपनी थेट विमेदाराला देईल, एजंटाच्या खात्यावर कधीच नाही.

आणि तारखेशी खेळ नाही. अपघात झाल्यावर ‘रद्दची तारीख जरा पुढची करा’ म्हणणारा ठेकेदार आणि ‘आधीच रद्द झाली असं दाखवा’ म्हणणारा मालक, दोघांना एकच चहा पाजून घरी पाठव.

लोक पॉलिसी का रद्द करतात हे डोक्यात ठेव, म्हणजे जीभ आपोआप आवरेल. काम संपतं. मूळ मालक सगळ्या प्रकल्पाची एकत्र पॉलिसी घेतो, मग ठेकेदाराची दुहेरी होते. दुसरी कंपनी स्वस्तात देते. कधी प्रीमियमचा चेक वटत नाही आणि कंपनीच बाजूला होते, तेवढं एकच कारण तंगीचं. पण बाजाराला तेच ऐकायचं असतं. चहाच्या गाड्यावर ‘त्यानं विमा बंद केलाय’ एवढं तू बोललास, की संध्याकाळपर्यंत सिमेंटवाला उधारी थांबवतो, सेंटरिंगवाला प्लेटा परत मागतो, आणि चांगला चाललेला माणूस खरंच अडचणीत येतो. आपल्याकडे बातमी बेदाण्यासारखी वाळत नाही, पसरत जाते.

सगळ्यात जास्त माहिती कागदाच्या मागे असते. मजुरांच्या पॉलिसीत किती माणसं, कुठलं काम, किती पगार दाखवला, हे सगळं असतं. कधी नावांची यादीही असते. मालकाला तो पगार कळला तर पुढच्या ठेक्यात तो दर पाडून मागेल. ठेकेदाराच्या स्पर्धकाला कळला तर निविदेत खाली जाईल. आणि त्या यादीतली माणसं तुझी ग्राहक नसली तरी त्यांची माहिती त्यांची आहे. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा अशाच नावं-नंबरांसाठी आहे, त्यात दंडाची वरची मर्यादा अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जाते. ती रक्कम मोठ्या कंपन्यांसाठी, पण एक्सेलची फाईल तुझ्या मोबाईलमधून चुकून फॅमिली ग्रुपवर गेली तर लाज तुझीच. ब्रोकरांसाठी नियामकाचे २०१८चे नियम आहेत, त्यांच्या आचारसंहितेत ग्राहकाची माहिती पूर्ण गोपनीय ठेवायची असं लिहिलंय. तू ब्रोकर नाहीस, एजंट आहेस, पण ती ओळ आपल्यालाही लागू समज.

पोलीस किंवा कोर्टाकडून लेखी मागणी आली तर लपवायचं नाही, शाखा व्यवस्थापकाला दाखवायचं आणि त्यांच्यामार्फत द्यायचं. फोनवरचा ‘साहेब बोलतायत’ हा लेखी आदेश नव्हे.

फाईल मात्र फेकू नकोस. पॉलिसी चालू असताना झालेला अपघात ती रद्द झाल्यावरही त्याच पॉलिसीत बसतो, आणि क्लेम कित्येक महिन्यांनी येतो. ठेकेदार दुसऱ्या कंपनीकडे गेला तरी जुनी माहिती त्याचीच. त्याचा नवा एजंट फोन करून मागच्या क्लेमचं विचारेल, ओळखीचा असेल, आपल्या गावचा असेल, त्यालाही सांग: ठेकेदाराचं पत्र आण.