संगणकाचा पडदा आणि अल्पदृष्टी

उत्पन्नाचा दाखला, सातबारा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, कर्मचाऱ्यांचे वेतनपत्रक ही सारी कामे आता संगणकाच्या पडद्यावर होतात. ज्यांची दृष्टी मंद आहे त्यांचे काम येथे अडते. तथापि हा अडथळा पुष्कळदा पडद्याच्या रंगसंगतीमुळे वाढलेला असतो, आणि ती बदलण्यास काहीही खर्च येत नाही.

दोष वेगळे, गरजा वेगळ्या

मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते व आत शिरणारा प्रकाश विखुरतो. त्यामुळे पांढऱ्या पडद्याने डोळे दिपतात आणि काळी अक्षरे फिकी भासतात. अशा व्यक्तीस काळ्या पार्श्वभूमीवरील पांढरी वा पिवळी अक्षरे सहसा सोयीची पडतात. उलट, दृष्टिवैषम्य असलेल्या काहींना तीच अक्षरे पसरल्यासारखी दिसतात.

रंगांधत्वाचा प्रश्न निराळा आहे. लाल व हिरवा यांतील फरक न कळणे हा दोष बहुधा आनुवंशिक असून पुरुषांत अधिक आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ०.५ टक्का आहे. येथे अक्षर मोठे करून उपयोग होत नाही. म्हणून कोणती रचना योग्य, हे त्या व्यक्तीलाच विचारून ठरविणे इष्ट होय.

बदल कसा करावा

विंडोज ११ प्रणालीत ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात ‘कॉन्ट्रास्ट थीम्स’ व ‘कलर फिल्टर्स’ अशा दोन सोयी आहेत. पहिलीने अक्षर व पार्श्वभूमी यांतील भेद ठळक होतो. दुसरीने रंगांधांना गोंधळात टाकणारे रंग वेगळे दिसू लागतात. डावी ऑल्ट, डावी शिफ्ट व प्रिंट स्क्रीन या तीन कळा एकदम दाबल्यासही ठळक रंगसंगती सुरू होते व पुन्हा दाबल्यास बंद होते. एकच संगणक अनेकजण वापरत असल्यास प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडावे, म्हणजे एकाची रचना दुसऱ्यास अडचणीची ठरत नाही.

मजकूर तयार करणाऱ्यांसाठी

संकेतस्थळांच्या सुगम्यतेबाबत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, साध्या आकाराचे अक्षर व पार्श्वभूमी यांतील तेजस्वितेचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे. पांढऱ्यावर काळे अक्षर असता ते २१ : १ भरते, फिकट करड्या अक्षरांत ते झपाट्याने घटते. तसेच केवळ रंगाने अर्थ सांगू नये. प्रलंबित अर्ज लाल व मंजूर अर्ज हिरवे दाखविले, तर सोबत ‘प्रलंबित’, ‘मंजूर’ हे शब्दही लिहावेत. शाळेतील नकाशे व आलेख यांनाही हाच नियम लागू पडतो.

कायद्याची अपेक्षा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये शासकीय आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्यांना, आणि शिक्षणसंस्थांनी दिव्यांग विद्यार्थ्यांना, त्यांच्या गरजेनुसार वाजवी सोय उपलब्ध करून द्यावयाची आहे. पडद्याचे रंग बदलू देणे ही त्यांपैकी सर्वांत सोपी सोय होय.

अर्थात रंगबदल हा उपचार नव्हे. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे, आणि पडदा वाचताना अडखळणाऱ्या मुलास मंदबुद्धी ठरविण्यापूर्वी त्याची नेत्रतपासणी करून घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. ग्रामपंचायत, शाळा व कार्यालय यांनी आपापले संगणक या दृष्टीने एकदा तपासून पाहिले, तर आज इतरांवर अवलंबून असलेल्या कितीतरी व्यक्ती आपले काम स्वतः करू शकतील.