दवाखान्यातून घरी आल्यावर जुलाब लागले तर

न्यूमोनियातून बरे झालेले सत्तरीतले आजोबा दवाखान्यातून सुटी होऊन चोपड्याला किंवा साक्रीला घरी येतात. आठवडाभरात पोट बिघडतं. दिवसाला पाच-सहा पातळ जुलाब, पोटात कळा, अंगात कणकण. बाहेरचं तर काहीच खाल्लं नव्हतं, असं घरचे सांगतात. अशा वेळी आधी दिलेल्या औषधांकडे बघावं लागतं.

अँटिबायोटिकने रोगजंतूंबरोबर आतड्यातले उपयोगी जंतूही मरतात. त्यामुळे होणारे बरेचसे जुलाब ते औषध संपलं की थांबतात. काहींच्या आतड्यात मात्र सी. डिफ नावाचा जंतू फोफावतो आणि त्याच्या विषाने मोठ्या आतड्याला सूज येते. हा जंतू १९३५ मध्येच तान्ह्या बाळांच्या शौचात सापडला होता, पण या आजाराशी त्याचा संबंध १९७८ मध्ये उलगडला. धोका अधिक असतो तो पासष्टी ओलांडलेल्यांना, दवाखान्यात बरेच दिवस राहिलेल्यांना, किडनीच्या रुग्णांना आणि केमोथेरपी चालू असलेल्यांना. पँटोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी महिनोन्‌महिने घेणाऱ्यांमध्येही तो जास्त आढळतो. ही गोळी आपल्याकडे फार सहज चालू राहते. ती अजून लागते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

वॉर्डात एक गोष्ट मला फार खटकते. सोबतची बाई रुग्णाचं शौचाचं भांडं रिकामं करते, सॅनिटायझरचे दोन थेंब हाताला चोळते आणि त्याच हाताने केळं सोलून भरवते. सी. डिफचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत. साबण आणि वाहतं पाणीच हवं, नखांपर्यंत चोळून. घरी संडास ब्लीचने धुवा.

जुलाब बंद करणारी गोळी मेडिकलवरून परस्पर आणू नका. विष आतड्यातच अडकू शकतं. ओआरएस चालू ठेवा आणि शौच तपासून घ्या. निदान झालं तर बहुधा व्हॅन्कोमायसिन तोंडावाटे देतात. शिरेतून दिलेलं या आजारावर चालत नाही. साधारण पाचातल्या एकाला जुलाब पुन्हा लागतात, तेव्हा परत दाखवायला लाजू नका.

शौचातून रक्त पडलं, लघवी कमी झाली किंवा जुलाब अचानक थांबून पोट फुगलं, तर सकाळची वाट न बघता धुळ्याचं हिरे वैद्यकीय महाविद्यालय किंवा जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ असेल ते गाठा. जाताना डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत घ्या. गेल्या तीन महिन्यांत कोणतं अँटिबायोटिक झालं, हे त्यावरून कळतं.