‘काका, तुम्ही पुढच्या फेरीत’

आपत्तीत मदत करणाऱ्या ‘आपदा मित्र’ स्वयंसेवकांच्या यादीत तुझं नाव लागलं म्हणून काल काकूंचा फोन आला. निम्मा आनंद, निम्मी काळजी. “पोरीच्या जातीला बोटीत काय काम गं?” म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, 2019 च्या पुरात माळ्यावरून उतरताना त्या जवानाच्या पाठीवर बसायला तुम्हीच लाजत होतात ना? पाणी उंबऱ्यावरून खिडकीला लागलं तरी तुमचं ‘नको बाई’ चाललेलं. तिथं एक पोरगी असती तर? मग गप्प बसल्या. त्यामुळे घरचं आता मिटलं असं समज आणि माझं ऐक.

प्रशिक्षण 12 दिवसांचं. 18 ते 40 वयाची, धडधाकट माणसं घेतात, म्हणून डॉक्टरांचा दाखला मागतात. त्या दाखल्याची टिंगल करू नकोस. 2023 च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा वर गाडी जात नव्हती, यंत्र जात नव्हतं, सगळे रात्री पावसात डोंगर चढून गेले. त्या चढणीतच नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. रोज ज्यांचं हेच काम, त्यांची ही कथा. तेव्हा आजपासून सकाळी पळायला लाग. गावातले लोक बघतील, बघू देत.

एक गोष्ट तुला कुठलेच सर सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. मैदानावर, तलावावर बायकांची सोय कशी असेल याचा नेम नसतो. मग पोरी काय करतात, पाणीच पीत नाहीत. दुपारी उन्हात लाईफ जॅकेट घालून उभं राहिलं की चक्कर. आणि मग ‘मुलींना झेपत नाही’ हे ऐकायला आपण मोकळ्या. पाणी पी, आणि पहिल्याच दिवशी सरळ विचार, सर, बाथरूम कुठं आहे? पाळी आली असेल आणि पाण्यात उतरायचं नसेल तर तेही सांग. एनडीआरएफचे जवान असोत की आपल्याकडचे प्रशिक्षक, सांगितलं की ऐकतात. कुढत बसलीस तर कळणार कसं? ओढणी, सैल सलवार, कानातले डूल, सगळं घरी. लाईफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळायचे, मांडीखालून येणारा तर आधी. तो लावायला मुलींना अवघड वाटतं, पण तो सुटा राहिला की पाण्यात जॅकेट वर सरकतं, नाकाशी येतं आणि माणूस खालून निसटतो.

सीपीआरला रबरी पुतळा असतो. पहिल्यांदा सगळे हसतात. तू मात्र गुडघे टेकून बस, कोपर ताठ ठेव आणि छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे अशी दाब. मिनिटाला 100 ते 120 वेळा. 30 दाब झाले की दोन श्वास. दोन मिनिटांत घाम फुटतो, म्हणून जोडीदार लागतो. बुडालेल्याच्या बाबतीत ते श्वास टाळायचे नाहीत, कारण त्याचं हृदय थांबतं तेच मुळी हवा न मिळाल्यानं. आपल्याकडे अजून पालथं घालून पोट दाबायची, पाय धरून उलटं करायची पद्धत आहे. त्यात पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं आणि हातची वेळ जाते ती वेगळीच. असं करणारा गावातला कोणी थोरला माणूसच असतो, हे लक्षात ठेव. त्याला बाजूला सारायची हिंमत तुला लागणार आहे.

खरं तर हे पत्र त्या हिंमतीसाठीच लिहितेय. गाठी येतात गं, दोरी फेकणं येतं, मोटर सुरू करणंही येतं. आधी हाक, मग काठी, मग दोरी, मग बोट, पोहत जाणं अगदी शेवटी, हा क्रमही पाठ होईल. पण ‘नाही’ म्हणणं 12 दिवसांत कोणी शिकवत नाही. आणि आपल्यासारख्या, गावातच वाढलेल्या पोरीला तर ते जन्मात कोणी शिकवलेलं नसतं.

ब्रह्मनाळ आठवतंय ना? 8 ऑगस्ट 2019, पलूस तालुका. झेपतील त्याहून जास्त माणसं बोटीत बसली, बोट उलटली आणि 17 जण गेले. गावचीच माणसं, गावच्याच पाण्यात. कोणाला दोष द्यायला सांगत नाही मी. पाणी चढत असताना काठावर उरलेल्या माणसाला कसं वाटतं ते आपल्याला माहीत आहे. म्हणूनच बोटीतल्या एकाचं तरी डोकं थंड हवं आणि ते तुझं असायला हवं.

तेव्हा बोटीवर असताना मी काय करते ते सांगते. बोट एकदम काठाला लावू देत नाही. दहा-बारा फुटांवर थांबवते आणि तिथूनच बोलते. एकदा का नाक काठाला टेकलं की मग हात, पिशव्या, पोरं, सगळं एकदम आत येतं आणि तुझं कोणी ऐकत नाही. लांबूनच आकडा सांगायचा. “आठ माणसं. आधी आजी, मग दोन पोरांची आई.” क्षमता बोटीवर लिहिलेली असते, त्यात आपली माणसंही धरायची. कारण सांगत बसायचं नाही, कारण दिलं की वाद सुरू होतो. काठावर गावातलाच एखादा दांडगा, सगळे मानतील असा माणूस रांगेला उभा करायचा. आणि चढलेल्याला उतरवायची वेळ आली तर आवाज चढवायचा नाही, नजर हलवायची नाही. “काका, तुम्ही पुढच्या फेरीत. मी स्वतः येते न्यायला.” आणि मग यायचं. काहीही झालं तरी यायचं, नाहीतर तिसऱ्या फेरीला तुझ्या शब्दाला किंमत नाही.

“काल चड्डीत खेळत होतीस, आज मला उतर म्हणतीस व्हय?” हे ऐकून घ्यावं लागेल. ऐक. पूर ओसरला की तेच काका चहाला बोलावतात.

याची रंगीत तालीम करून घे. प्रशिक्षणात मॉक ड्रिल होईल तेव्हा मुलांना सांग, खरोखर भांडा माझ्याशी, ढकला, शिव्या द्या. गोड गोड ड्रिलचा काही उपयोग नाही.

गावच्या पाण्याचं ज्ञान मात्र तुझ्याकडेच आहे, ते बाहेरून येणाऱ्या पथकाकडे नसतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, हे बातम्यांत सगळे ऐकतात. पण तिथं किती फूट झाले की तुमची कुठली गल्ली आधी तुटते? कोणाच्या कंपाउंडची तार पाण्याखाली जाते? रबरी बोटीला ती तार म्हणजे ब्लेड. विहिरी कुठं, डीपी कुठं, वाहिन्या किती खाली लोंबतात? अंथरुणाला खिळलेलं कोण, डायलिसिसवर कोण, श्रावणात कोणाचे दिवस भरणार? मे महिन्यातच एका वहीत उतरवून काढ. आशाताईंना सोबत घे, त्यांना निम्मं तोंडपाठ असतं. 1077 हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर. ही वही जवानांच्या हातात पडली की ते तुला पोरगी म्हणून नाही, वाटाड्या म्हणून पुढं बसवतात.

किटमध्ये शिट्टी, बॅटरी, हातमोजे, गमबूट असं बरंच काही मिळेल. विम्याचा कागद काकूंना दाखव, त्यांना बरं वाटेल. बोटीत फोन बाहेर काढायचा नाही. भिजलेल्या बायकांचे व्हिडिओ गावभर फिरताना मी पाहिलेत, तुझ्या बोटीत कोणी काढायला लागला तर तिथंही तेच, सरळ नाही म्हणायचं.

आणि आत्ताच ठरवायचं ते घरचं. आपली माणसं पाण्यात असताना दुसऱ्याच्या दारात बोट नेणाऱ्याचं लक्ष मागेच असतं. तेव्हा इशाऱ्याचे 39 फूट झाले की काकू, आजी आणि जनावरं हलली पाहिजेत, तू कामावर जायच्या आधी. आजी शाळेत राहणार नाही हे तुलाही माहीत आहे. त्यांना इकडे जयसिंगपूरला पाठव, गोठ्यात दोन म्हशींपुरती जागा करून ठेवते. वैरणीचं काय करायचं ते काकांना विचारून रविवारपर्यंत कळव.