पातेलं आधी शेगडीवरून उतरव

बाळा, प्लोव्हदिव्हला डॉक्टरी शिकायला गेलीस, खोली मिळाली, शेगडी मिळाली. आता थंडी पडायच्या आत एक पदार्थ हाताखालून जाऊ दे : सुपा तोपचेता. खिम्याचे छोटे गोळे, गाजर, बटाटा, सेलरीचा कंद, आणि शेवटी दही-अंड्याने आलेला आंबटसर दाटपणा. बल्गेरियात हे घरोघरी होतं. माझ्या सासूबाईंनी मला ते सोफियातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या शिकवलं, कागदावर काही लिहून दिलं नाही. तेच तुला देते. सगळ्याचं सार एकच : आपल्याला वाटते त्यापेक्षा कमी आच या सुपाला प्रत्येक पायरीवर लागते. रस्सा खळखळून उकळायची आपली सवय इथे बाजूला ठेवायची.

खिमा मळायचा, नुसता कालवायचा नाही. दुकानात ‘काइमा’ माग. डुकराचं आणि गाईचं मांस मिसळलेला खिमा तिथे सर्रास मिळतो, म्हणून घेण्याआधी कशाचा आहे ते विचार. ते खात नसशील तर कोंबडीचा किंवा टर्कीचा घे. त्यात चरबी कमी, गोळे कोरडे होतात, म्हणून चमचाभर तेल मिसळ. चौघांना अर्धा किलो पुरतो. त्यात एक छोटा कांदा अगदी बारीक चिरून, दोन मोठे चमचे धुतलेला कच्चा तांदूळ, मीठ, मिरपूड, चिमूटभर जिरेपूड आणि एक छोटा चमचा चुब्रित्सा नावाचा सुगंधी पाला. अंडं फोडशील तेव्हा पांढरं खिम्यात जाऊ दे. बलक वाटीत झाकून ठेव, त्याचं काम शेवटी आहे. खिमा हाताला चिकटायला लागेपर्यंत मळ आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव. मग ओल्या हाताने सुपारीएवढे गोळे वळ. मोठे केलेस तर वरून शिजतील आणि पोटातला तांदूळ कच्चा राहील. वळून झाले की मैद्यात हलके घोळव. हा मैदा गोळा धरून ठेवतो आणि पुढे रस्साही थोडा दाट करतो.

भाजीवर डाग पडू द्यायचा नाही. सूर्यफुलाचं तेल तीन मोठे चमचे, मंद आच. कांदा, एक मोठं गाजर, सेलरीच्या कंदाची एक जाड फोड आणि लांब लाल गोड मिरची, सगळं वाटाण्याएवढं चिरून परत. कांदा पारदर्शक झाला की थांब. लालसर परतलास तर सुपाचा फिकट, दुधाळ रंग गेला आणि चवही जड झाली. गोड पाप्रिका घालायची असेल तर पातेलं बाजूला घेऊन अर्धा चमचा घाल आणि लगेच दीड लिटर गरम पाणी ओत. तापल्या तेलात ती क्षणात जळते आणि कडवट होते. पाणी उकळू लागलं की मीठ घाल आणि दोन बटाट्यांच्या बारीक फोडी टाक.

गोळे सोडताना पाणी शांत हवं. बटाट्याला पाच-सात मिनिटं झाली की आच इतकी उतरव की कडेला फक्त बुडबुडे दिसतील. गोळे एकेक करून सोड. पहिली पाच मिनिटं डाव घालू नकोस; पातेल्याचे कान धरून हलकंसं हलव, तेवढं पुरतं. वर फेस येईल तो काढून टाक. वीस-पंचवीस मिनिटांनी एक गोळा मोडून बघ : मधला तांदूळ मऊ झाला असेल तर झालं. काही घरांत शेवटच्या पाच मिनिटांत मूठभर बारीक शेवयाही घालतात. तू घातल्यास तर बटाटा एकच घे.

कुठला पाला कशाला, हे पाठ करून ठेव. खिम्याला चुब्रित्सा, बीन्सच्या आणि कोकराच्या सुपाला पुदिन्याच्या जातीचा ‘जोजेन’, माशांच्या सुपाला ‘देवेसिल’. वरून ताजी पार्स्ली, तीही आच बंद झाल्यावर. चुब्रित्सा संपली तर थाइम चालेल. कोथिंबीर आणि गरम मसाला मात्र या पातेल्याजवळ आणू नकोस. ते आले की बाकी कुणाचा आवाज ऐकू येत नाही.

आता खरी परीक्षा, ‘झास्त्रोइका’, म्हणजे शेवटी घालायचं दही-बलकाचं मिश्रण. तिथे दह्याचा डबा बहुधा चारशे ग्रॅमचा असतो. झाकणावर ‘बीडीएस’ ही तिथल्या मानकाची अक्षरं बघून घे आणि अर्धा डबा वापर. या दह्यातला जिवाणू स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन डॉक्टरने १९०५ मध्ये जिनिव्हात शोधून काढला. त्या जिवाणूच्या नावात आजही ‘बल्गेरिकस’ आहे. तुझ्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या तासाला भेटेलच. दही तासभर आधी बाहेर काढ. त्यात राखलेला बलक आणि चमचाभर मैदा घालून गुठळी न ठेवता फेट. कढीला आपण डाळीचं पीठ ज्यासाठी लावतो, त्याचसाठी हा मैदा : दही फुटू नये म्हणून.

मग पातेलं शेगडीवरून उतरव. नुसतं बटण बंद करून भागत नाही. भाड्याच्या खोल्यांत विजेच्या तव्याच्या शेगड्या असतात, त्या बंद केल्यावरही बराच वेळ तापलेल्या राहतात. दहा मिनिटं थांब. बलक साधारण ६५ अंश सेल्सिअसला घट्ट व्हायला लागतो. त्याच्या फार वर गेला की रव्यासारखे कण होतात आणि ते परत मिसळत नाहीत. एक डाव कोमट होत आलेला रस्सा घेऊन थेंब-थेंब दह्यात सोड, ढवळत राहा. असे तीन-चार डाव झाले, वाटी हाताला गरम लागली, की तिची बारीक धार पातेल्यात धर. पुन्हा आचेवर ठेवू नकोस. मीठ आत्ता चाख, आधी नाही, कारण दह्याने चव बदलते.

लिंबू किंवा व्हिनेगर पानावर, ज्याच्या त्याच्या आवडीने. सोबत जाड कापलेला पाव.

उद्यासाठी ठेवायचं असेल तर झास्त्रोइका घालण्याआधीच निम्मं सूप वेगळं काढ. तेवढं उद्या हवं तसं उकळ आणि दही-बलक ताजं लाव. एकदा दही लागलेलं सूप मात्र फक्त कोमट करायचं.

यावर हात बसला की पुढची दारं आपोआप उघडतील. कोंबडीच्या सुपालाही हीच झास्त्रोइका लागते. ६ मे रोजी, गेर्ग्योव्हदेनच्या सणाला, घरोघरी कोकरू शिजतं. त्याच्या चोर्ब्यात, म्हणजे सुपात, पातीचा कांदा, तांदूळ आणि जोजेन घालतात, आणि शेवटी दही-अंडं असंच, पातेलं उतरवून. त्या दिवशी कुणी जेवायला बोलावलं तर लवकर जा आणि शेवटची पाच मिनिटं मी ढवळते म्हणून सांग. पाहुणी म्हणून बसवून ठेवणार नाहीत तुला.